स्टोरेज पूल जोडताना चॅप पासवर्डची सोय नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

महोदय,

आमच्या सहकारी पतसंस्थेत गेली चार वर्षे आपले व्हर्च्युअलायझेशन मॅनेजमेंट सॉफ्टवेअर चालू आहे. दोन होस्ट म्हणजे मुख्य सर्व्हर, त्यांवर नऊ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), आणि सगळ्यांच्या डिस्क आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या पद्धतीने, जोडलेल्या एकाच स्टोरेज बॉक्सवर. बॉक्सवरची ही जागा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टोरेज पूल’ म्हणून जोडावी लागते. वार्षिक शुल्क आम्ही दर एप्रिलला न चुकता भरतो, म्हणून हक्काने लिहीत आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या नव्या मुलाने टेस्टिंगसाठी एक मशीन उभे केले. त्यात होस्टची क्लोन केलेली डिस्क होती, त्यामुळे इनिशिएटरच्या, म्हणजे बॉक्सकडे डिस्क मागणाऱ्या बाजूच्या, नावाची फाइलही जशीच्या तशी आली. बॉक्सच्या परवानगी यादीत ते नाव होतेच. बॉक्सने काही न विचारता मुख्य डेटाबेसचा लन (बॉक्सवरची डिस्क) त्या मशीनपुढे ठेवला आणि मुलाने आत काय आहे ते पाहायला तो माउंट केला, म्हणजे उघडला. त्याच क्षणी तीच फाइल सिस्टिम व्हीएममध्ये चालू होती, आणि दोन मशीनांनी ती एकदम वापरल्याने डेटा बिघडला. दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी काउंटरवरचा पासबुक प्रिंटर ओळ अर्धी छापून थांबला. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून डेटाबेस परत आणला, पण सकाळपासूनची सगळी व्हाउचर आणि पिग्मी एजंटांचा भरणा दोन कारकुनांनी रात्री साडेदहापर्यंत बसून पुन्हा टाकला.

क्लोन करताना नाव बदलले नाही, ही आमची चूक. पण आयक्यूएन, म्हणजे आयस्कझीतले हे ओळखीचे नाव, कोणीही टेक्स्ट एडिटर उघडून टाइप करू शकतो. तेवढ्यावर ठेवीदारांचा डेटा उघडा पडणे मला मान्य नाही.

म्हणून बॉक्सवर चॅप, म्हणजे पासवर्डने ओळख पटवण्याची पद्धत, चालू केले. यात बॉक्स दर वेळी नवे आव्हान पाठवतो आणि होस्ट पासवर्ड वापरून त्याचे उत्तर काढतो. पासवर्ड स्वतः नेटवर्कवरून जात नाही. २००४ च्या आयस्कझी मानकातच चॅपची सोय असणे बंधनकारक केले आहे. तरीही आपल्या ‘स्टोरेज पूल जोडा’ या खिडकीत रकाने चारच आहेत: पूलचे नाव, सर्व्हरचा पत्ता, आयक्यूएन आणि पाथ. युजरनेम आणि पासवर्ड टाकायला जागाच नाही. पूल सुरू करायला गेलो की लॉगिन नाकारले जाते, एरर २४.

आपल्या मदत केंद्राने कमांड लाइनवरून लिब्व्हर्टमध्ये (आपल्या खिडकीच्या खाली काम करणारे सॉफ्टवेअर) सीक्रेट, म्हणजे पासवर्डची गुप्त नोंद, बनवून पूलच्या एक्सएमएलमध्ये (सेटिंगची फाइल) त्या नोंदीकडे बोट दाखवणारा ऑथ टॅग टाकायला सांगितले. तसे केले आणि पूल चालला. म्हणजे खाली सोय आहे, आपल्या खिडकीने ती वर आणलेली नाही. पुढच्या आठवड्यात त्याच खिडकीत ऑटोस्टार्टची (होस्ट सुरू होताच पूल आपोआप सुरू होण्याची) खूण करून सेव्ह केले, तर ऑथ टॅग पुसला गेला. रविवारी रीबूट केल्यावर दोन्ही होस्टना स्टोरेज मिळेना. हा दोष मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण काही पुसले गेल्याची सूचनाही आली नाही.

यावर मिळालेले उत्तर असे, की स्टोरेजसाठी वेगळा व्हीलॅन (स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क) ठेवा, मग पासवर्ड लागत नाही. आमचा व्हीलॅन पहिल्यापासून वेगळा आहे. ते टेस्टिंग मशीन त्याच व्हीलॅनच्या पोर्टला लावलेले होते.

पूल जोडताना आणि नंतर बदलतानाही युजरनेम-पासवर्ड टाकता आला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंची ओळख पटवणारे म्युच्युअल चॅपही हवे. पासवर्ड सीक्रेटमध्येच राहावा, एक्सएमएलमध्ये किंवा लॉगमध्ये उघडा दिसू नये, आणि दुसऱ्या होस्टवर तो वेगळा हाताने भरायला लागू नये. हाताने टाकलेला टॅग सेव्ह करताना पुसला जाणे मात्र नव्या आवृत्तीची वाट न पाहता, लगेच दुरुस्त करा. चॅपमुळे डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात, होत नाही हे मला माहीत आहे. ती मागणी या पत्रात नाही.

दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या तारखेला येईल, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. नूतनीकरणाचा विषय मार्चच्या संचालक मंडळाच्या बैठकीत आहे आणि आपले उत्तर मला तेथे ठेवायचे आहे. एरर २४ चा लॉग आणि सेव्ह करण्याआधीची व नंतरची एक्सएमएल फाइल सोबत जोडली आहे.

आपला,
संगणक विभागप्रमुख