विधवांनी सांभाळलेले छापखाने

महोदय,

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये बायकांनी छापखाने चालवले म्हटले, की ‘नाव तिचे, काम कारागिरांचे’ असे हमखास ऐकू येते. हा त्या बायकांवर अन्याय आहे.

चार्ल्सटनचे ‘साउथ कॅरोलिना गॅझेट’ हे वृत्तपत्र घ्या. छापखाना बेंजामिन फ्रँकलिनच्या भागीदारीत होता, नफ्याचा तिसरा हिस्सा त्याचा. 1738च्या डिसेंबरात छापखाना चालवणारा लुईस टिमथी वारला तेव्हा मुलगा पीटर जेमतेम 13 वर्षांचा. अंकावर नाव पीटरचे राहिले, पण छापखाना चालवला आई एलिझाबेथने. नवऱ्याकडून धड हिशेब कधी मिळाला नाही, ती मात्र दर तिमाहीला चोख हिशेब धाडी आणि मुदत संपल्यावर तिने छापखाना विकतही घेतला, हे फ्रँकलिननेच लिहून ठेवले आहे.

आणि काम तरी किती नाजूक! कागद आदल्या दिवशी ओलवून दाबाखाली ठेवायचा. फार ओला राहिला तर शाई फुटते, कोरडा राहिला तर अक्षर तुटक उठते. शाई लावायला लोकर भरलेले कातड्याचे दोन गोळे. कातडे कडक पडले की शाई डागाडागांनी बसते, शाई जास्त झाली की अक्षरांची पोटे बुजतात. चार पानी अंकाचे पहिले आणि चौथे पान आधी छापून घ्यायचे, ताज्या बातम्यांसाठी आतली दोन पाने अडवून ठेवायची. छपाई झाली की खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, धुऊन पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात सोडायचे. खिळे मोजकेच, ते सोडल्याशिवाय पुढचा मजकूर जुळवणार कशाने? एक खिळा चुकीच्या घरात पडला तरी पुढच्या जुळणीत तो चूक म्हणून उगवणारच.

नवरा गेल्यावर आठ दिवसांत हे कोणी शिकत नाही. न्यूपोर्टची विधवा मुद्रक अ‍ॅन फ्रँकलिन, बेंजामिनची वहिनी, हिच्या मुली जुळणीत तरबेज होत्या, त्या घरच्याच छापखान्यात. पण लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःच्या नावावर करार करता येत नसे, विधवेला येई. म्हणून छापील नावे बहुतेक विधवांची सापडतात. त्याआधीची त्यांची सगळी वर्षे नवऱ्याच्या नावाखाली गेली.

बाल्टिमोरची मेरी कॅथरीन गॉडार्ड अविवाहित होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सह्या करणाऱ्यांच्या नावांसह पहिली छपाई जानेवारी 1777मध्ये तिने केली. ब्रिटनशी युद्ध पेटलेले होते, सह्या म्हणजे राजद्रोह होता. तरी कागदाच्या तळाशी तिने स्वतःचे नाव पूर्ण छापले.

आपला,
एक वाचक