खारीचे श्वास मोजणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सादर नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. "नाव-बिव कुठं टाकू नका" असं तुम्ही निघताना बजावलं होतं, ते पाळतो. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

आज सकाळी आमची गिनी पिग खारी कोथिंबिरीसाठी ओरडली. तेरा दिवसांनी. फ्रीजचं दार उघडलं आणि पिंजऱ्यातून तिची ती लांब शिट्टी आली, तशी माझी बायको कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन ओट्यापाशीच खाली बसली आणि रडायला लागली. तेव्हाच ठरवलं, आज लिहायचंच.

आमच्याकडं दोन गिनी पिग. एक खारी बिस्किटाच्या रंगाची म्हणून खारी, तिची जोडीदारीण बटर. जुलैत आपल्या कोल्हापूरचा पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट, भिंतींना ओल. पिंजऱ्यात वखारीतून आणलेला भुसा घालत होतो, तोही ओलसर. खारी शिंकायला लागली. शिंक तर अधूनमधून बटरलाही येते, म्हणून सोडून दिलं. मग नाक ओलं दिसायला लागलं, डोळ्याच्या कोपऱ्यात चिकट पापुद्रा धरायला लागला. ढोबळी मिरचीचा तुकडा, ज्याच्यावर ती तुटून पडायची, तो तसाच पडून राहिला. अंग फुगवून कोपऱ्यात बसायची. आणि एके संध्याकाळी तिनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आम्हाला वाटलं जांभया देतेय. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला, डॉक्टर. तो अजून मोबाइलमध्ये आहे. पुसवत नाही आणि बघवतही नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कुठंकुठं फिरलो ते सगळं सांगत बसत नाही. एका ठिकाणी "कुत्रं-मांजर सोडून आम्ही बघत नाही" असं सांगितलं. त्यांचा राग नाही, जमत नाही ते जमत नाही म्हणाले. राग आहे तो दुसऱ्या ठिकाणचा. तिथं टोपलीवरचा टॉवेलसुद्धा उचलला नाही. "उंदराला काय व्हतंय, थंडी असंल" म्हणाले आणि लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. माझी चौथीतली लेक शेजारी उभी होती. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, त्यांनी बघितलं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

रंकाळ्यापलीकडं तुमच्याकडं आलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. दारात रेडकू घेऊन एक मामा बसले होते, आमच्या आधीपासून. लेकीचा चेहरा बघून तेच म्हणाले, "आधी त्या पोरीचं बघा सायेब, माझं थांबतंय." त्या मामांचेही आभार मला इथंच मानायचेत, नंतर ते भेटलेच नाहीत. २०१९ च्या महापुरात गोठ्यातली जनावरं सोडून बाहेर पडायला तयार नसलेली माणसं याच मातीतली. जित्राबाची किंमत त्याच्या आकारावरून करायची नसते, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नाही.

आणि मग तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र.

तुम्ही खारीला हात लावला नाहीत. टेबलावरही ठेवायला सांगितलं नाहीत. पंखा बंद केलात, आम्हाला गप्प राहायला सांगितलंत आणि टोपलीशेजारी फरशीवर मांडी घालून बसलात. मनगटावरचं घड्याळ काढून टोपलीच्या कडेला ठेवलंत आणि तिच्या बरगडीकडं बघत राहिलात. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर आम्हाला काही सांगण्याआधी ते घड्याळ माझ्या लेकीच्या हातात दिलंत. "आता तू मोज. पंधरा सेकंद. पोट एकदा वर आलं की एक." तिनं मोजलं. तेहतीस. "गुणिले चार कर." तिनं तिथल्या केसपेपरच्या पाठीवर गुणाकार केला, एकशे बत्तीस. तुम्ही म्हणालात, "माझंही तेवढंच आलंय. बरोबर मोजलंस."

डॉक्टर, दोन दिवस ती पोरगी "माझ्यामुळं झालं का" एवढंच विचारत होती. त्या पंधरा सेकंदांत तुम्ही तिच्या हाताला काम दिलंत. तिचा हात थरथरायचा थांबला, हे मी डोळ्यांनी बघितलं.

मग तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलंत, ते मी ज्याच्या घरी गिनी पिग आहे त्या प्रत्येकाला सांगतोय. हे जनावर नाकानंच श्वास घेतं. ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं म्हणजे अगदी टोकाला आलं, तिथं सकाळची वाट बघायची नाही. शांत बसलेलं असताना मिनिटाला साधारण चाळीस ते शंभर श्वास चालतात. त्याहून जास्त, आणि त्यात कुशी आत ओढल्या जात असतील, तर निघायचं. पाठीला कान लावला की उसाचा रस संपत आल्यावर नळीतून येतो तसा चुरचुर आवाज येतो. तो मीही ऐकला, अजून कानात आहे. ज्याला सगळे खातात ते जनावर आपलं दुखणं शेवटपर्यंत लपवतं, म्हणून नुसतं बघून भागत नाही, दर आठवड्याला वजन करायचं. खारी ७८० ग्रॅमची ६९० वर आली होती आणि एवढ्या केसांत आम्हाला ते कळलंच नव्हतं.

ते सिरप मी पिशवीतून काढून दाखवलं तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाजलं का?" पाजलं नव्हतं. औषध पाजायची बायकोला भीती वाटली, म्हणून सील तसंच होतं. हे औषध तोंडातून दिलं तर त्यांच्या पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि काही दिवसांत जनावर जाऊ शकतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझे पाय लटपटले. टॉवेल न उचलता लिहिलेली ती एक ओळ आमच्या खारीला घेऊन गेली असती.

शेजारचा ससा आदल्या आठवड्यात यांच्यात खेळायला सोडला होता, तेही तुम्ही विचारून काढलंत. सशाला सहसा काही होत नाही, पण ज्या जंतूनं यांना न्यूमोनिया होतो तो सशाच्या नाकात सुखानं राहू शकतो. त्याच्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही म्हणालात, आणि लगेच लेकीकडं वळून, "कुणालाच माहीत नसतं गं हे," असंही म्हणालात. ते वाक्य तुम्ही मुद्दाम तिच्यासाठी बोललात, हे मला नंतर कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते तुम्हाला माहीत आहेच. बायकोनं रात्री दोन-दोन वाजता उठून सिरिंजनं भिजवलेलं खाणं भरवलं. वखारीतला भुसा गेला, आता जुन्या चादरींचे तुकडे घालतो आणि रोज बदलतो. पिंजरा खिडकीच्या वाऱ्यातून आणि देवघराच्या उदबत्तीच्या धुरातून हलवला. माझी आई पहिल्यापासून या प्राण्यांच्या विरोधात होती. तीच आता मंडईतून येताना कोथिंबीर ताजी आहे का बघून घेते.

लेकीनं वहीत तक्ता आखलाय. तारीख, श्वास, वजन. काल रात्री अठरा आले. अठरा चोक बाहत्तर, ती मोठ्यानं म्हणाली. वजन ७४५. बटरचे सतरा आले, तिचंही लिहिते.

रविवारी तपासणीला येतो. बटरलाही आणतो, आणि ती वही तुम्हाला दाखवायची आहे असं लेकीनं दोनदा सांगितलंय.

तुमच्या ऋणात,
खारी-बटरच्या घरची मंडळी
कोल्हापूर