माझ्या वतीने माफी मागू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही मोठ्या काकांच्या ओट्यावर जाऊन त्यांच्यापुढे हात जोडलेत, हे मला काल ताईकडून कळलं. तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

झालं काय, ते तुम्हाला लोकांच्या तोंडूनच कळलंय. माझ्याकडून ऐका. कानबाईच्या उत्सवाच्या वर्गणीचा हिशोब चुलतभावाने भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नावं आणि रकमा बरोबर होत्या, खाली बेरीज 17,900 लिहिली होती. मी करून पाहिली तर 18,400 आली. मी लिहिलं, ‘बेरीज चुकली आहे, 18,400 होतात.’ त्याने लिहिलं, ‘म्हणजे आम्ही पैसे खाल्ले का?’ मला खरंच वाटलं की तो विचारतोय. म्हणून मी उत्तर दिलं, ‘ते मला माहीत नाही. बेरीज चुकली आहे.’

आई, हे वाचून तू कपाळाला हात लावला असशील. पण त्या वाक्यात जेवढं लिहिलंय तेवढंच माझ्या मनात होतं. कोणी पैसे खाल्ले असं मला वाटत असतं तर मी तसं लिहिलं असतं. ते मला माहीत नव्हतं, म्हणून माहीत नाही असं लिहिलं.

मग एकामागून एक सगळे आले. ज्यांनी तो हिशोब उघडूनही पाहिला नव्हता तेही आले. पुण्याला गेला आणि शहाणा झाला. मोठ्यांशी बोलायची रीत नाही. कोणीतरी ‘मेंटल’ लिहिलं आणि त्याखाली हसरे चेहरे पडत गेले. शेवटी चुलतभावाचा आवाजातला निरोप आला, ‘इतला हुशार शे तं ये घर, दखाडस तुले हिशोब.’ मी तेव्हा गावातच होतो, पेन आणि कागद घेऊन निघालो. रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्याने बोलावलं होतं, हिशोब दाखवतो म्हणाला होता, आणि चूक कुठे झाली ते समोर बसून पाच मिनिटांत सापडलं असतं. मी ओट्यावर चढलो तसे आतून चौघं बाहेर आले आणि काकूने दाराची कडी लावली. मी भांडायला आलोय असं त्यांना वाटलं. माझ्या हातातला कागद कोणी पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते तुमचं. आई, तू सगळ्यांना सांगतेस, ‘त्याना सभावच तसा शे, मनवर लेवू नका.’ तू मला वाचवायला बोलतेस, हे मला कळतं. पण त्या बोलण्याने मी विक्षिप्त ठरतो, आणि विक्षिप्त माणसाच्या खऱ्या बोलण्याकडेही कोणी लक्ष देत नाही. ती बेरीज अजून चुकलेलीच आहे.

पुण्यातल्या डॉक्टरांनी मला ऑटिझम आहे, म्हणजे जन्मापासून माझ्या मेंदूची घडणच वेगळी आहे, असं सांगितलं, ते मी तुम्हाला फोनवर कळवलं होतं. तेव्हा आई रडली आणि विषय तिथेच मिटला. ‘मी कापूस वेचायला जायचे, तू आजीजवळ असायचास, त्यानेच झालं का रे?’ एवढं एकच तू विचारलंस. आई, नाही. ते मनातून काढून टाक. हा आळ जगभरातल्या आयांवर वर्षानुवर्षं घातला गेला. 1943 मध्ये अमेरिकेतल्या लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 11 मुलांबद्दल लेख लिहिला आणि त्यामुळे ऑटिझम जगाला माहीत झाला. पुढे मोठमोठे लोक म्हणत राहिले की आईच्या मायेत कमी पडलं म्हणून मूल असं होतं. कॅनरसुद्धा आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहून बसले होते. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून हे खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. 1969 मध्ये कॅनर यांनीही पालकांच्या सभेत उभं राहून सांगितलं की तुमचा यात दोष नाही. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसलं की हे बरंचसं वंशातून येतं. तू कापूस वेचायला गेलीस म्हणून मी शिकलो. त्याचं दुसरं काही झालेलं नाही.

वंशाचं निघालं म्हणून, बाबा, एक लिहितो. रागावू नका. मी काही डॉक्टर नाही, तुम्हाला कुठलं नाव चिकटवत नाही. पण ऑटिझमबद्दल वाचताना मला सारखे तुम्ही आठवलात. लग्नात बँड सुरू झाला की तुम्ही मांडवामागे बैलगाडीजवळ जाऊन उभे राहायचे. लोक तुम्हाला तुसडे म्हणायचे. कोणत्या साली कोणत्या शेतात दादर ज्वारी पेरली आणि पाऊस कोणत्या तारखेला आला, हे तुम्ही वही न उघडता सांगता. आणि आपल्या घरात मला कधी कोणी उद्धट म्हटलं नाही, कारण तुम्ही मला जे विचारायचं ते सरळ विचारत होता. मला घरात भाषा अवघड गेली नाही. बाहेर गेली.

डेमियन मिल्टन म्हणून इंग्लंडमधले एक अभ्यासक आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की समोरच्याचं मन न कळणं ही अडचण दोन्हीकडून असते. मला चुलतभावाचा टोमणा कळला नाही, तसं त्याला माझं साधं वाक्य कळलं नाही. मग दोष एकट्या माझ्याच पदरात का? 2020 मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखाच. पहिल्याने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. ज्या रांगेत सगळेच ऑटिस्टिक होते, तिथे गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या रांगेइतकीच नीट शेवटपर्यंत पोचली. आम्हाला बोलताच येत नाही असं नाही, बाबा.

लिहिण्यात तर मला आपलं बरं वाटायचं. समोर बसलं की डोळ्यांत पाहायचं, आवाज सांभाळायचा, चेहरा हसरा ठेवायचा, यातच माझी निम्मी ताकद जाते. लिहिताना फक्त म्हणणं राहतं. पण लिहिलेल्याला आवाज वाचणाराच देतो. चुलतभाऊ आधीच चिडलेला होता, त्याला माझ्या ओळीत चिडका आवाज ऐकू आला. आणि एकाने ‘उद्धट’ म्हटलं की पुढच्या साठ जणांना मूळ ओळ वाचायची गरज उरत नाही. मला त्याच्यापेक्षा त्या साठ जणांचा जास्त राग आहे. त्याचा निदान हिशोब तरी होता. चारचौघांत चूक दाखवल्याचं त्याला लागलं असेल, तर ते मला समजू शकतं. ‘मला वेगळं सांगायचं होतंस’ एवढं तो म्हणाला असता तर मी तसं केलं असतं. सरळ सांगितलेलं मी कधीच मोडत नाही.

ऑटिझम आहे म्हणून मी काहीही बोलावं आणि लोकांनी सोसावं, असं मी म्हणत नाही. मी कोणाला दुखावलं तर माफी मी मागेन, माझ्या तोंडाने. तुम्ही मागायची नाही. सत्तरीला आलेल्या माझ्या बापाने बेरजेसाठी हात जोडायचे नाहीत.

हे पुण्याचं नवीन खूळ आहे असं काका म्हणाले, ना? त्यांना सांगा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यांत ऑटिझमचं नाव आहे. मला सवलत नको आहे. खूळ नाही एवढं त्यांना कळलं तरी पुरे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल तेव्हा मी येतोय. नैवेद्याच्या रोटांसाठी माझ्या नावाची सव्वा मूठ गहू धरा, कोणी काही म्हणालं तरी. ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून कोणाला विनवू नका. काकांना वेगळं पत्र लिहिलंय, त्यात नुसती बेरीज ओळीने करून दाखवली आहे आणि खाली लिहिलंय की माझा कोणावर संशय नाही. ते याच पाकिटात आहे. बाबा, तुम्ही आधी वाचा, आणि कुठे वाकडा अर्थ निघत असेल तर मला कळवा.

विसर्जनाला डीजे लागला की मी मागच्या खोलीत जाऊन बसेन. कोणी विचारलं तर आवाज सोसत नाही म्हणून सांगा. रुसलाय असं सांगू नका.

तुमचा,
बापू