तुटीचा वाटा करारातच ठरवा

भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार डिसेंबर २०२६ मध्ये संपत असताना भारताने वरच्या अंगाचा देश म्हणून ताठर राहावे, हा आपल्या अग्रलेखातील सूर पटला नाही. १९९६ च्या या करारानुसार जानेवारी ते मे या काळात पश्चिम बंगालमधील फराक्का बंधाऱ्याजवळचे पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटले जाते. प्रवाह ७० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) वा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. खरा पेच तो ५० हजारांखाली गेल्यावर पडतो. तेव्हा दोन्ही सरकारांनी तातडीने चर्चा करावी, एवढेच करार सांगतो. १९७७ च्या करारात बांगलादेशाला त्याच्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाण्याची हमी होती, ती पुढे राहिली नाही.

खालच्या अंगाला राहणे म्हणजे काय, हे आम्हा नागपूरकरांना ठाऊक आहे. मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराई धरण झाले, नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारे पाणी घटले. त्यात पाऊस लांबला आणि जुलै २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणी आले. घरोघरी गुंड, बादल्या, ड्रम भरून ठेवावे लागत.

म्हणून तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे, हे नव्या करारात आकड्यांनिशी लिहावे. फराक्का आणि बांगलादेशातील हार्डिंग पुलाजवळ कोरड्या मोसमात संयुक्त मोजणी होतेच. ते आकडे रोज जाहीर करावेत. ब्रह्मपुत्रेवर आपण चीनच्या खालच्या अंगाला आहोत. तिथे हेच मागायचे असेल, तर ते आधी बांगलादेशाला द्यायला हवे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर