आधी यादी, मग भंगार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च जवळ आला की शाळा, विकास सोसायट्या, डाळ मिलची कार्यालये आणि जुने छापखाने यांच्या डेड स्टॉक रजिस्टरमधल्या वस्तूंचे निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून कमी करून मोडीत काढणे, सुरू होते. मोडक्या खुर्च्या आणि जळालेल्या पंख्यांबरोबर फ्लॉप्यांचे डबेही काट्यावर चढतात. त्याआधी कुणीतरी एखादी फ्लॉपी संगणकात घालून पाहतो. झिप, एआरजे, एलझेडएच अशा शेपटीची फाइल, म्हणजे अनेक फाइल्स दाबून एकत्र बांधलेले गाठोडे (आर्काइव्ह), दिसते, दोनदा क्लिक केले तरी उघडत नाही, 'करप्ट आहे' असा शेरा पडतो आणि डबा जातो. या शेऱ्याला माझी हरकत आहे. यातल्या कितीतरी फाइल्स धडधाकट असतात, निदान अर्ध्या तरी वाचवता येतात. गाठोडे सोडवण्यापूर्वी बाहेरूनच आतल्या फाइल्सची यादी पाहायची असते ही रीत आपण विसरलो आहोत, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

ही रीत टेलिफोनवरच्या बुलेटिन बोर्डांनी, म्हणजे बीबीएसनी, लोकांच्या अंगवळणी पाडली. पहिला बीबीएस १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी स्यूस यांनी सुरू केला. आपल्याकडे विदेश संचार निगमचे इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आले. त्याच्या आधीपासून मुंबईत लाइव्हवायर, बंगळुरूत अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स असे बोर्ड चालत होते. बीबीएस म्हणजे कुणाच्या तरी घरातला किंवा ऑफिसातला संगणक, त्याला मोडेम (संगणकाला फोनवरून बोलता करणारे यंत्र) आणि टेलिफोनची लाइन. लाइन एक असेल तर आत माणूसही एकच, बाकीच्यांना एंगेज टोन.

जळगाव, धुळे किंवा शहाद्याहून मुंबईचा बोर्ड लावायचा म्हणजे एसटीडी, बाहेरगावचा महागडा फोन. रात्री उशिरा पाव दर लागे, पण मीटर पळतच असे. आता हिशेब पाहा. २४०० बीपीएसच्या (सेकंदाला २४०० बिटांच्या) मोडेमवर एका अक्षरामागे १० बिट जातात (८ डेटा, १ सुरुवातीचा, १ शेवटचा), म्हणजे सेकंदाला २४० अक्षरे. ३६० केबीची झिप फाइल उतरवायला, लाइन स्वच्छ असली तरी, साडेपंचवीस मिनिटे. तेवढे थांबल्यावर आत निघायचे काय, तर दुसऱ्याच आवृत्तीचा प्रोग्राम किंवा आधीच आपल्याकडे असलेली फाइल. उलट त्या झिपमध्ये ४० फाइल्स असल्या आणि प्रत्येकीची ओळ ७५ अक्षरांची धरली, तर पूर्ण यादी ३,००० अक्षरांची होते. तिला साडेबारा सेकंद पुरतात. साडेपंचवीस मिनिटांचा निर्णय साडेबारा सेकंदांत होत असे.

आर्काइव्ह पाहण्याची सोय बोर्डाच्याच संगणकावर चाले. फाइल तिथेच राही, तारेवरून फक्त यादीचा मजकूर येई. आपल्या बाजूने मोडेम चालवणाऱ्या टर्मिनल प्रोग्राममध्ये ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी मांडणी ठेवायची. एक्स्चेंज जुने, डायल फिरवायच्या धर्तीचे असेल तर मोडेमला नंबर फिरवायला सांगताना एटीडीटी (टोन) या आज्ञेऐवजी एटीडीपी लिहून पल्स डायलिंग करायचे, नाहीतर मोडेम नुसता बीप वाजवत बसतो. आत गेल्यावर फाइल्सचा विभाग, तिथे बहुतेक बोर्डांवर व्ही म्हणजे व्ह्यू, मग फाइलचे नाव शेपटीसह. व्ही दाबण्याआधी कॅप्चर चालू करायचे (टेलिक्स या टर्मिनल प्रोग्राममध्ये ऑल्ट आणि एल), म्हणजे यादी आपल्या डिस्कवर साठते. फोन ठेवून ती निवांत वाचता येते. पडदा भरल्यावर येणारा 'मोअर' हा प्रश्न समोर ठेवून विचार करत बसले तर त्याचेही पैसे पडतात. चांगल्या व्ह्यूअरमध्ये आतली रीडमी फाइल तिथल्या तिथे वाचता येई: ४ केबीला १७ सेकंद. काही बोर्ड त्याहून पुढे गेलेले होते. झिपमधल्या हव्या त्या दोन-तीन फाइल्स निवडायच्या, बोर्ड त्यांची वेगळी छोटी झिप करून देई आणि तेवढीच उतरवायची. आत फाइल-आयडी-डिझ नावाची फाइल असली तर आधी ती बघायची. ४५ अक्षरांच्या जास्तीत जास्त १० ओळींत फाइल कशाची आहे हे लेखकानेच लिहिलेले असते.

एक बारकावा सांगितलाच पाहिजे. मोडेममध्ये एमएनपी ५ हे आकुंचन चालू असेल तर आधीच दाबलेली झिप जाताना उलट फुगायची आणि वेळ वाढायचा; व्ही.४२बिस मोडेम हे ओळखून आकुंचन थांबवी. यादी मात्र साधा मजकूर, तिला दोन्हींचा फायदाच.

यादी कशी वाचायची हे आजही तंतोतंत लागू आहे. झिप सोडवणाऱ्या पीकेअनझिप या प्रोग्रामला उणे व्ही (-v) देऊन जी यादी निघते तिच्यात मूळ लांबी, दाबण्याची पद्धत, दाबलेला आकार, टक्केवारी, तारीख, वेळ, सीआरसी (फाइल शाबूत आहे का हे ताडण्याचा आकडा) आणि नाव असे रकाने असतात. टक्केवारीवरून पुष्कळ कळते. साधा मजकूर साधारण ६० ते ७० टक्के आकसतो. डीबेस किंवा फॉक्सप्रो या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामांची डीबीएफ फाइल ८०-९० टक्क्यांपर्यंत जाते, कारण तिच्यात प्रत्येक रकाना ठरावीक रुंदीचा, उरलेली जागा मोकळी. सोसायटीच्या सभासदांची नावे, ऊस किंवा कापसाच्या मापाच्या नोंदी, शाळेचे हजेरीपट बहुधा अशाच फाइल्समध्ये असतात. चित्र किंवा झिपमधली झिप शून्याच्या आसपास राहते. तळाची बेरीज अवश्य पाहावी: ३०० केबीची झिप सुटल्यावर दीड एमबी होऊ शकते आणि १.२ एमबीच्या फ्लॉपीवर ती मावत नाही. डीबीएफच्या जोडीला त्याच नावाची डीबीटी किंवा एफपीटी आहे का तेही बघावे. मेमो (लांब मजकुराचा) रकाना असलेली डीबीएफ तिच्यावाचून उघडत नाही आणि लोक म्हणतात फाइल गेली. तारखेच्या रकान्यात सगळीकडे १ जानेवारी १९८० दिसले तर त्या संगणकाची घड्याळाची बॅटरी संपलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. पासवर्ड घातलेल्या झिपचीही नावांची यादी दिसते, त्यामुळे पासवर्ड शोधण्याची मेहनत घ्यावी की नाही हे आधीच ठरवता येते.

आता 'करप्ट' या शब्दाकडे येतो. झिपची रचना अशी की प्रत्येक फाइलच्या आधी तिचा छोटा मथळा असतो आणि सगळ्यांची एकत्र अनुक्रमणिका पार शेवटी. फोन मध्येच तुटला किंवा फ्लॉपीचे शेवटचे सेक्टर गेले, की ही शेवटची अनुक्रमणिकाच जाते. व्ह्यूअर ती शोधतो, सापडत नाही, आणि फाइल झिप नाहीच असे सांगून मोकळा होतो. आतला माल बऱ्याच अंशी जागेवर असतो. पीकेझिपफिक्स हा प्रोग्राम मथळे एकेक चाळून नवी अनुक्रमणिका बांधतो आणि पीकेफिक्स्ड नावाची झिप तयार करतो. आजच्या लिनक्सवर झिप या आज्ञेला उणे मोठे एफ एफ (-FF) दिले की तेच काम होते. एआरजे आणि एलझेडएच यांच्यात शेवटची अनुक्रमणिका नसते, मथळे फाइलगणिक. त्यामुळे अर्धवट एआरजेची यादी तुटलेल्या जागेपर्यंत सरळ दिसते. तुटकी एआरजे सोडवताना एक्स (x) या आज्ञेबरोबर उणे जेआर (-jr) द्यावे.

दुसरी अडचण आवृत्तीची. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिप आणली. १९९३ च्या त्यांच्या पीकेझिप २.०४जी ने डिफ्लेट ही दाबण्याची पद्धत रूढ केली. जुना १.१० चा पीकेअनझिप अशा फाइलची नावे दाखवतो पण सोडवू शकत नाही. यादीतल्या पद्धतीच्या रकान्यात 'डिफ्लेट' दिसले तर नवा प्रोग्राम घ्या, फ्लॉपीला दोष देऊ नका. शेपटीवरही विसंबू नये. पुष्कळांनी आपल्या मनाने शेपट्या बदललेल्या असतात. खरी ओळख आत असते: झिपची पहिली दोन अक्षरे पी आणि के, एआरजेच्या पहिल्या दोन बाइट ९६ आणि २३४, एलझेडएचमध्ये तिसऱ्या अक्षरापासून एलएच५ सारखी खूण दोन उण्यांमध्ये.

अनेक फ्लॉप्यांवर पसरलेली झिप असेल तर अनुक्रमणिका शेवटच्या फ्लॉपीवर असते. यादी पाहायला ती आधी घालावी लागते. पहिली घालून 'उघडत नाही' म्हणणे चूक. एआरजेचे पुढचे तुकडे ए०१, ए०२ असे असतात. बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१ अशी जोडी दिसली तर ती आर्काइव्ह नाहीच. तो डॉसच्या (विंडोजआधीच्या कार्यप्रणालीच्या) बॅकअप आज्ञेचा संच आहे, त्याला रिस्टोअरच हवा.

मराठी मजकुराबद्दल वेगळे सांगतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिप्या आणणाऱ्या कार्डावर) टंकलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात (१९९१ चे भारतीय मानक १३१९४) असतो आणि त्यातली देवनागरी १६० च्या वरच्या संकेतांत बसवलेली आहे. साध्या व्ह्यूअरमध्ये ती चौकटी, रेघा आणि परक्या अक्षरांसारखी दिसते. ती फाइल बिघडलेली नाही, तिला इस्कीतून युनिकोड या आजच्या संकेतात आणणारा परिवर्तक हवा आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमधल्या छापखान्याच्या फाइल्सची गत तशीच, तिथे परिवर्तक फॉन्टप्रमाणे बदलतो. वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रामच्या जुन्या फाइलमध्ये इंग्रजी शब्दांचे फक्त शेवटचे अक्षर विचित्र दिसते, कारण ते अक्षर आठव्या बिटने खूण केलेले असते. बीबीएसवरून मराठी फाइल ७ बिट मांडणीत वाचली तर मात्र हा आठवा बिट खरोखरच कापला जाई आणि कॅप्चर केलेला मजकूर कायमचा निकामी होई. ८ बिटांचा आग्रह त्यासाठीच.

पाहणे सुरक्षित आहे, चालवणे नाही. स्वतःच सुटणारी ईएक्सई फाइल आली तर ती चालवू नये, व्ह्यूअरने उघडावी. तिच्या पोटातही बहुधा झिप किंवा एआरजेसारखे आर्काइव्हच असते. १९९५ मध्ये पीकेझेड३००बी या नावाने पीकेझिपची बनावट आवृत्ती फिरली होती आणि ती चालवणाऱ्याची हार्ड डिस्क पुसत असे. डॉसवर पाहतानाही एक पथ्य आहे. झिपच्या टिप्पणीत एएनएसआयचे (पडदा आणि कळफलक हाताळणारे) संकेत दडवून कळफलकाच्या कळांचे अर्थ बदलता येतात, म्हणून कॉन्फिग.सिस या डॉस सुरू होतानाच्या फाइलमध्ये एएनएसआय.सिस न घालता यादी काढावी.

आज फ्लॉपी हाती घेणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. साडेतीन इंचीची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी केली की तिच्यावर लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने बुजवली की तेच होते. आधी हे करा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेल्या फ्लॉप्या वाकलेल्या असतात आणि पावसाळ्याने पांढरी बुरशी धरलेली असते. साडेतीन इंचीची सरकती झडप बाजूला करून उजेडात चकती पाहा. डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, ती स्वतः खरवडेलच आणि ड्राइव्हचे वाचणारे हेड घाण होऊन पुढच्या दहा फ्लॉप्याही बिघडतील. यूएसबी ड्राइव्हवर साडेतीन इंचीच चालतात, सव्वापाचसाठी जुना संगणक जपून ठेवावा लागतो. चांगल्या फ्लॉपीची डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या आणि पुढचे सगळे प्रतिमेवरच करा. सेव्हन-झिप ती प्रतिमा, तिच्यातली झिप, एआरजे, एलझेडएच सारे उघडून दाखवते. एआरसी या जुन्या प्रकारचे आर्काइव्ह असेल तर एलएसएआर (lsar) ही आज्ञा यादी काढते. सोडवण्याची घाई करू नका, फक्त यादी.

हीच सोय आता नव्या रूपात आहे. इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या फाइल्स जपणाऱ्या संकेतस्थळावरच्या झिपसमोर 'व्ह्यू कंटेंट्स' असा दुवा असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे जिथे नेटवर्क डोंगर चढून शोधावे लागते, तिथल्या विद्यार्थ्याने ६०० एमबीची झिप ओढण्यापेक्षा आतली २ एमबीची एक फाइल उचलावी.

निर्लेखन समित्यांना विनंती आहे की प्रस्तावाला 'फ्लॉपी, नग १२०' एवढीच ओळ न लावता प्रत्येक फ्लॉपीच्या यादीची छापील प्रत जोडावी: फ्लॉपीवरचा चिकटवलेला मजकूर, आर्काइव्हचे नाव, आतल्या फाइल्सची नावे, लांबी आणि तारीख. एका फ्लॉपीला प्रतिमेसह पाच-सात मिनिटे लागतात. १२० फ्लॉप्या म्हणजे एका माणसाचे दोन दिवस. यादीत डीबीएफ, डीबीटी किंवा गावाच्या-संस्थेच्या नावाची फाइल दिसली तर ती फ्लॉपी बाजूला काढावी, बाकीच्या खुशाल काट्यावर चढवाव्यात.

आपला,
एक वाचक
चोपडा, जि. जळगाव