स्कीन्सची उरलेली चार वर्षे

पिट्सबर्ग,
३१ जानेवारी २०२६

प्रिय सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. घरची खुशाली कळली, वहिनींच्या बढतीची बातमी वाचून आम्हा दोघांनाही आनंद झाला. त्यापुढची पाने तू पायरेट्सवर, म्हणजे इथल्या आपल्या बेसबॉल संघावर, खर्च केली आहेस, तेव्हा मीही आता थेट त्याच विषयाकडे वळतो. नाशिकला परतल्यावरही पहाटे चारला उठून पिट्सबर्गचे सामने पाहणाऱ्या माणसाचे मत मी हलक्यात घेणार नाही. पण खालच्या संघांत तयार होत असलेल्या कॉनर ग्रिफिनला एप्रिलमध्येच मुख्य संघात आणणे म्हणजे कोवळ्या पोराचे नुकसान करणे होय, हे तुझे म्हणणे मला पटलेले नाही. ते का पटत नाही हे सांगायचे, तर आधी आपला पिचर (चेंडू फेकणारा) पॉल स्कीन्स याच्याबद्दल बोलावे लागेल, कारण या संघाचा प्रत्येक हिशेब शेवटी त्याच्याशीच येऊन थांबतो.

नोव्हेंबरमध्ये नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, त्याला एकमताने मिळाला. पहिल्या क्रमांकाची तीसच्या तीस मते त्याचीच. १.९७ ची अर्न्ड रन सरासरी, २१६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), आणि या सगळ्याच्या शेजारी विजय १० आणि पराभव १०. नऊ डावांमागे सरासरी दोन धावाही न देणारा पिचर जिंकतो तेवढ्याच वेळा हरतो, याचा अर्थ एवढाच की तो डाव सांभाळून बाकावर येऊन बसतो आणि त्याचे सहकारी बॅट हातात घेऊन रिकाम्या हाताने परततात. गेल्या हंगामात पायरेट्सने ११७ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, तीसही संघांत सर्वांत कमी. ७१ विजय आणि ९१ पराभव या आकड्यांचे दुसरे स्पष्टीकरण शोधण्याची मला गरज वाटत नाही. मे महिन्यात डेरेक शेल्टनला काढून याच गावच्या डॉन केलीला व्यवस्थापक केले, त्यानंतर संघ थोडा सावरला हे खरे. पण केली काही स्वतः बॅट घेऊन उभा राहू शकत नाही.

स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर क्लबच्या ताब्यातून मोकळा होईल, हव्या त्या संघाशी करार करू शकेल. त्या दिवशी त्याला मिळणारी रक्कम पिट्सबर्ग देईल, अशी आशा तुलाही नसेल आणि मलाही नाही. म्हणजे हाती चार हंगाम आहेत. या चार हंगामांत फलंदाजी उभी राहिली तर ठीक, नाही तर आपल्या पिढीला पाहायला मिळालेला सर्वोत्तम पिचर या गावाने वाया घालवला असे म्हणावे लागेल, आणि दोष पिचिंगकडे मुळीच जाणार नाही.

पिचर घडवण्याची कला या क्लबला साधली आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावे. स्कीन्स २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने आला, त्याचे श्रेय फार देता येत नाही, कारण तो कोणालाही दिसत होता. पण बबा चँडलर तिसऱ्या फेरीतला, जॅरेड जोन्स, ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्ट आणि मिच केलर दुसऱ्या फेरीतले. चँडलर तर शाळेत अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक होता. ऑगस्टमध्ये कोलोराडोविरुद्ध तो पहिल्यांदा मैदानात आला आणि चार डाव एकही धाव न देता सामना संपवून गेला, तेव्हा तू त्या रात्री पाठवलेला एका ओळीचा निरोप मला अजून आठवतो. जोन्सच्या कोपरावर गेल्या मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. तो यंदा कधी परततो हे पाहायचे, परंतु त्याच्यावाचून अडणार नाही इतकी ही फळी भरलेली आहे. (आपल्याकडे पायरेट्सचे नाव काढले की जुन्या लोकांना रिंकू सिंह आणि दिनेश पटेल आठवतात, २००८ मध्ये भालाफेक सोडून याच क्लबशी करारबद्ध झालेले उत्तर प्रदेशचे दोन तरुण. हा रिंकू म्हणजे कोलकात्यासाठी पाच षटकार मारणारा नव्हे, हे मला इथल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दरवर्षी कोणाला तरी समजावावे लागते.)

फलंदाजांची गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट. २०२० मध्ये निक गोन्झालेस सातव्या क्रमांकाने घेतला, २०२१ मध्ये हेन्री डेव्हिस पहिल्या, २०२२ मध्ये टर्मार जॉन्सन चौथ्या. इतक्या वरच्या जागा लागोपाठ तीन वर्षे मिळूनही त्यांतून संघाच्या मधल्या फळीत निर्धास्तपणे लिहावे असे एकही नाव निघालेले नाही. गोन्झालेस बरा आहे, त्यापलीकडे नाही. जॉन्सन गेले वर्षभर अल्टूनात, म्हणजे क्लबच्या खालच्या संघातच होता. डेव्हिस यष्ट्यांमागे, म्हणजे कॅचर म्हणून, पुष्कळ सुधारला आणि स्कीन्सला तो हवा असतो हेही खरे. पण गेल्या वर्षीची त्याची फलंदाजीची सरासरी .१६७ होती आणि तिचे समर्थन मला करता येत नाही. यातला उपरोध असा की डेव्हिसने ठरलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी पैसे घेतले आणि त्या वाचलेल्या पैशांवर क्लबने चँडलरला फुटबॉलपासून सोडवून आणले. फलंदाजावर वाचवलेल्या पैशातून पिचर उभा राहिला. एवढ्या एका व्यवहारात या क्लबचा सगळा स्वभाव आला. किब्रायन हेज तर तिसऱ्या बेसवर गोल्ड ग्लव्ह मिळवणारा क्षेत्ररक्षक होता, त्याला आठ वर्षांचा सात कोटी डॉलरचा करार दिला, बॅट काही बोलेना म्हणून जुलैमध्ये सिनसिनाटीला देऊन टाकला. एवढ्या जणांची बॅट एकाच घरात मुकी होत असेल, तर केवळ खेळाडूंना बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

यंदाच्या हिवाळ्यात निदान दुखणे कोणते आहे हे क्लबला कळलेले दिसते. टँपाकडून ब्रँडन लाउ आला, त्यासाठी माइक बरोजला सोडावे लागले. बॉस्टनला योहान ओव्हिएडो देऊन जोस्टिन्सन गार्सिया घेतला, ज्याचे नाव लिहिणे इतके अवघड की सहकारी त्याला ‘पासवर्ड’ म्हणतात. आणि रायन ओहर्नशी दोन वर्षांचा २ कोटी ९० लाख डॉलरचा करार झाला. तिघेही मला पसंत आहेत, पण सर्वाधिक लाउ. तो डावखुरा आहे, गेल्या वर्षी त्याने ३१ होम रन मारले, आणि आपल्या पीएनसी पार्कची उजवी बाजू डावखुऱ्यांसाठीच बांधल्यासारखी आहे: कोपऱ्यात अवघे ३२० फूट. क्लबचा जुना महान खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याच्या २१ क्रमांकाच्या सन्मानार्थ उभारलेली २१ फुटांची भिंत आडवी येते खरी, परंतु नीट बसलेला चेंडू तिला जुमानत नाही. ओहर्नही डावखुराच. उलट डावीकडून मध्याकडे जाताना हेच मैदान ४१० फुटांपर्यंत खोल जाते आणि उजव्या हाताच्या फलंदाजांचे कित्येक चांगले फटके तिथे झेलात संपतात. हा साधा भूगोल ओळखून खेळाडू घ्यायला इतकी वर्षे का लागली, ते क्लबचा जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टनच जाणे. माझी एकच तक्रार आहे: लाउचा करार या हंगामाअखेर संपतो. एका वर्षासाठी पाहुणा आणून चार वर्षांचा प्रश्न सुटत नाही. मालक नटिंग यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही. क्लेमेंटेच्या भिंतीवरचा २१ चा आकडा काढून गेल्या वर्षी तिथे दारूची जाहिरात लावली गेली आणि लोकांच्या संतापानंतर तो आकडा परत आला, एवढे तुझ्या माहितीसाठी पुरे आहे.

आता ग्रिफिन. तू जॅक्सन हॉलिडेचे उदाहरण दिले आहेस: बाल्टिमोरने त्याला विशीत वर आणले, ३४ प्रयत्नांत दोन हिट मिळाले आणि दहा सामन्यांत तो खाली परत गेला. उदाहरण बिनतोड आहे, हे मी मान्य करतो. ग्रिफिन तर एकोणीसच वर्षांचा, आणि अल्टूनात तो जेमतेम एकवीस सामने खेळला आहे, मुख्य संघाच्या लगेच खालच्या इंडियानापोलिसचे तोंडही त्याने पाहिलेले नाही. तरीही गेल्या हंगामाकडे एकदा नीट बघ. ब्रेडेंटनला सुरुवात, मग ग्रीन्सबरो, मग अल्टूना. तीन पायऱ्या एका उन्हाळ्यात चढून .३३३ ची सरासरी, २१ होम रन आणि ६५ बेसेसची चोरी (फटका न बसताच धावत पुढचा बेस गाठणे). मिसिसिपीतल्या शाळेतून २०२४ मध्ये तो नवव्या क्रमांकापर्यंत घसरला, याचे कारण बॅट फिरवण्याच्या त्याच्या ढबीबद्दल जाणत्यांना असलेली शंका हे होते. ती शंका त्याने पहिल्याच वर्षी बहुतांशी निकालात काढली, आणि आज देशातल्या उमेदवार खेळाडूंत त्याचे नाव सर्वांत वर घेतले जाते.

माझा मुद्दा त्याच्या बॅटपुरता नाहीच. हॉलिडेची बॅट थंड पडली तेव्हा संघाला देण्याजोगे त्याच्याकडे दुसरे फारसे काही नव्हते. ग्रिफिन महिनाभर हिटविना राहिला तरी शॉर्टस्टॉपवरचे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवरचे) त्याचे हात आणि त्याचे पाय रोज कामी येतील. त्या जागेवर त्याच्यापेक्षा सरस असा आज आपल्याकडे कोण आहे, ते तू मला सांग. शिवाय क्लबची वहीखात्याची बाजू तू विसरतोस. खेळाडूला काही आठवडे उशिरा आणले, तर त्याचे वर्ष पूर्ण धरले जात नाही आणि तो आणखी एक हंगाम क्लबच्या ताब्यात राहतो, हे जुने गणित. स्कीन्सला याच हिशेबाने ११ मे २०२४ पर्यंत इंडियानापोलिसला बसवले असे माझे मत आहे. झाले काय, तर तो वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, नियमानुसार त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळाली, म्हणजे उशीर करून वर्ष काही वाचले नाही; आणि सुरुवातीपासून संघात नसल्यामुळे क्लबला ड्राफ्टमध्ये जी जादा जागा मिळाली असती तीही गेली. दोन्हीकडून तोटा, आणि वर सहा आठवडे त्याच्यावाचून काढले. चँडलरला ऑगस्टपर्यंत ताटकळत ठेवले तेव्हाही कारण नियंत्रणाचे सांगितले गेले, नियंत्रण म्हणजे त्याच्या चेंडूंवरचे. ते थोडे खरेही असेल. म्हणून ग्रिफिनला खाली ठेवायचेच असेल, तर फ्लोरिडातल्या सरावात मोठ्या पिचरांचे वळणारे चेंडू त्याला झेपत नाहीत असे दिसले म्हणून ठेवावे, कॅलेंडर पाहून ठेवू नये. तो सरावात टिकला, तर मी त्याला पहिल्या दिवशी शॉर्टस्टॉपवर उभा करीन, क्रमवारीत आठवा किंवा नववा ठेवीन, आणि जूनपर्यंत त्याच्या सरासरीबद्दल कोणालाही अवाक्षर बोलू देणार नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने सांगतो. ज्या क्लबने डेव्हिस आणि हेज यांची बॅट घडवताना हात टेकले, त्याच क्लबच्या हाती हा मुलगा आहे, याची भीती मलाही वाटते. पण ही भीती त्याला इंडियानापोलिसला पाठवून कमी होत नाही, कारण तिथले शिक्षकही याच घरचे.

आपला जुना फलंदाज अँड्र्यू मॅककचन याच्याबद्दल तू विचारले आहेस. अजून त्याचा करार झालेला नाही. तो एकोणचाळीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी होम रनच्या बाबतीत त्याने क्लेमेंटेला मागे टाकले आणि या क्लबच्या इतिहासात आता त्याच्या पुढे केवळ स्टार्जेल आणि काइनर आहेत. विजयांपेक्षा पराभव जास्त अशा सलग वीस हंगामांचा काळ २०१३ साली संपला, तो याच माणसामुळे. मन म्हणते की त्याला सन्मानाने बोलवावे. परंतु ओहर्न आल्यानंतर त्याच्यासाठी रोजची जागा कुठे उरते, हे मला दिसत नाही, आणि आठवड्यातून दोन दिवस केवळ डावखुऱ्या पिचरांविरुद्ध खेळण्याची अट तो स्वीकारील का, हे त्यालाच ठाऊक. क्लबने निदान स्पष्ट हो किंवा नाही सांगायला हवे; त्याला ताटकळत ठेवणे मला मुळीच आवडलेले नाही.

राहिला ओनील क्रूझ, ज्याच्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, आणि ते मला फार सूचक वाटले. सहा फूट सात इंचांचा हा माणूस गेल्या मे महिन्यात मिलवॉकीविरुद्ध ताशी १२२.९ मैलांचा होम रन मारतो, मोजमाप सुरू झाल्यापासून इतक्या वेगाने कोणीही चेंडू मारलेला नाही. ३८ बेसेस चोरून लीगमध्ये संयुक्त पहिला येतो. आणि वर्षाअखेर त्याची सरासरी .२०० भरते. डावखुऱ्या पिचरपुढे तो अगदी दीनवाणा होतो. तो सत्तावीस वर्षांचा झाला, म्हणजे ‘अजून शिकतो आहे’ ही सबब फार दिवस चालणार नाही. माझ्या मते त्याला यंदा सेंटर फील्डवर ठेवावे, डावखुऱ्यांविरुद्ध मात्र बेधडक बसवावे, आणि जुलैपर्यंत फरक पडला नाही तर चांगल्या किमतीला देऊन टाकावे. पुढच्या पत्रात तू यावर हो किंवा नाही असे उत्तर दे. आपला दुसरा फलंदाज रेनल्ड्स याची आठवण काढून विषय टाळू नकोस. पिचर आणि कॅचर फेब्रुवारीच्या मध्यावर ब्रेडेंटनला जमतील, त्याआधी तुझे पत्र आले तर बरे होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश