स्वल्पविराम शोभेसाठी नसतो

महोदय,

इंग्रजी व्याकरण शिकवताना ‘ॲपोझिटिव्ह’ हा विषय सहसा दोन ओळींत उरकला जातो: नामाशेजारी त्याच व्यक्तीची वा वस्तूची ओळख करून देणारे दुसरे नाम आले की तो ॲपोझिटिव्ह, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावा. यातला दुसरा भाग अर्धसत्य आहे. ‘माय ब्रदर संजय इज अ पेंटर’ या वाक्यात स्वल्पविराम नसतील, तर भाऊ एकाहून अधिक असून त्यांपैकी संजयविषयी बोलणे चालले आहे, असा अर्थ होतो. ‘संजय’च्या आगेमागे स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच आणि नाव केवळ जाता जाता सांगितलेले. (बोलीच्या वळणाने लिहिणारे इंग्रज लेखकही अशा छोट्या नावाभोवतीचे स्वल्पविराम कधीकधी गाळतात, हे खरे, पण नियम कळल्यावर सूट घेणे वेगळे.)

आपल्याकडून खरी चूक होते ती दुसऱ्या स्वल्पविरामाची. ‘मेरी क्युरी, द फर्स्ट वुमन टु विन अ नोबेल प्राइझ, वॉज बॉर्न इन वॉर्सा’ या वाक्यात ‘प्राइझ’नंतरचा स्वल्पविराम हमखास राहून जातो. याचे कारण, मला वाटते, मराठीच्या रचनेत आहे. आपण ‘नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री मेरी क्युरी हिचा जन्म वॉर्सा येथे झाला’ असे लिहितो. ओळख आधी येते, नाव नंतर, आणि ‘हिचा’ हे सर्वनाम दोन्ही सांधून पुढचे वाक्य चालवते. इंग्रजीत ओळख बहुधा नावामागून येते आणि ती कुठे संपली हे सांगायला तो दुसरा स्वल्पविरामच असतो.

ओळख नावाआधी आणायची मुभा इंग्रजीतही आहे, मात्र तिथे वेगळाच घोटाळा होतो. ‘अ ग्रेट फिजिसिस्ट, आइन्स्टाइन्स थिअरी चेंज्ड सायन्स’ या वाक्यात स्वल्पविरामापुढे ‘थिअरी’ हा कर्ता असल्याने सिद्धान्तच थोर भौतिकशास्त्रज्ञ ठरतो! तिथे कर्ता म्हणून आइन्स्टाइनच यायला हवा.

विद्यार्थ्यांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या व्याकरणात समानाधिकरण (एकाच व्यक्तीविषयीचे वा वस्तूविषयीचे दोन शब्द जोडीने येणे) हा शब्द आहेच, आणि ‘आम्ही विद्यार्थी’चे ‘आम्हां विद्यार्थ्यांना’ होताना सर्वनाम व नाम दोन्ही बदलतात, हे मूलही न शिकवता जाणते. इंग्रजीत नाम तसेच राहते, पण सर्वनाम त्याच न्यायाने बदलते: कर्ता असताना ‘वुई स्टुडंट्स’, कर्म असताना ‘अस स्टुडंट्स’. शिक्षकांनी धड्याची सुरुवात या मराठी उदाहरणापासून केली, आणि रिकाम्या जागा भरायला लावण्याऐवजी एकच वाक्य स्वल्पविरामांसह व त्यांच्याशिवाय फळ्यावर लिहून ‘भाऊ किती?’ एवढेच विचारले, तर व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक